कोयत्याची मूठ आणि हाताच्या मागची रेघ

कोयता चालवताना जोर कुठे लागतो म्हणून विचारलं, तर कुणीही तळहात दाखवेल, नाहीतर दंड. माझं दुखायचं ते कोपराच्या बाहेरच्या हाडाशी. झावळ्या तासायच्या, केळीचे घड उतरवायचे, मिरवेलींच्या बुंध्याशी माजलेलं रान काढायचं आणि वर सुपारी सोलायचे दिवस आले, की संध्याकाळी चहाचा कप उचलतानासुद्धा त्या हाडापासून कळ निघून मनगटापर्यंत यायची. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हणून सांगितलं, पट्टा दिला, व्यायाम दाखवले. त्याने बरंही वाटलं. पण मूठ आवळायची बोटांनी आणि दुखायचं कोपराच्या मागे, हे कोडं काही डोक्यातून जाईना. आमच्या सावईवेऱ्यात कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबणाऱ्या कितीतरी जणांचं बोट दुखरी जागा दाखवताना त्याच हाडावर जातं. हा योगायोग नसणार, एवढं मला कळत होतं.

माझा भाचा एम.टेक.ला आहे. त्याच्या प्रयोगशाळेत हाताच्या पकडीची मोजणी चालू होती. मूठ आवळताना कुठला स्नायू किती काम करतो आणि त्याच क्षणी बोटांचे, मनगटाचे सांधे किती वाकलेले असतात, या दोन्ही नोंदी एकदम घ्यायच्या. कॉलेजातली मुलं त्यांना हवी तेवढी मिळाली होती. हाताने कष्टाचं काम करणारी माणसं, त्यातून बायका, मिळत नव्हत्या. "मावशी, तू येशील?" म्हणून त्याने विचारलं. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. माझा कोयता मी बरोबर आणणार. तुमच्या यंत्रावरची पकड मोजून झाली की कोयता धरलेला हातही मोजायचा. त्याने सरांना विचारलं, सरांनी आनंदाने होकार दिला.

आदल्या दिवशी फोनवर त्याच्या सूचना आल्या. हाताला तेल लावू नको, क्रीम लावू नको, उजव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील, चालेल ना? आणि कोयता गोणपाटात नीट गुंडाळून आण.

फर्मागुडीच्या पठारावर पोचले तेव्हा पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि हवा घामट होती. प्रयोगशाळा मात्र एसीमुळे थंडगार. हे माझ्यासाठी केलेलं नाही, हे नंतर कळलं. घाम आला की कातडीवर चिकटवलेले इलेक्ट्रोड, म्हणजे स्नायूंची वीज टिपणाऱ्या टिकल्या, कडेने सुटू लागतात आणि नोंद बिघडते. आधी संमतिपत्र आलं, मराठीत. काय करणार, किती वेळ लागेल, दुखलं तर काय, मध्येच नको वाटलं तर कारण न देता उठून जाता येईल, नोंदीवर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. मी ते शेवटपर्यंत वाचलं आणि कोपराच्या दुखण्याच्या रकान्यात सगळं सविस्तर लिहिलं. मग हाताची लांबी, पंज्याची रुंदी, कोपराखालचा घेर, सगळं टेपने मोजून झालं.

पुढचं काम कातडी स्वच्छ करायचं. स्पिरिटचा बोळा घेऊन भाच्याने हात कोपरापासून मनगटापर्यंत इतका घासला की लाल झाला. कातडीचा वरचा कोरडा, मेलेला थर विजेला अडवतो, तो जेवढा निघेल तेवढं आतलं नीट ऐकू येतं, असं तो म्हणाला. मग त्याने मला एमिल द्यु बुआ-रेमों या जर्मन शास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. माणसाने आपणहून स्नायू आवळला की वीज निर्माण होते, हे त्याने १८४९ च्या सुमारास दाखवलं. दोन्ही हात मिठाच्या पाण्यात बुडवायचे, पाणी तारांनी गॅल्व्हनोमीटरला, म्हणजे बारीकशी वीजही काट्याने दाखवणाऱ्या यंत्राला, जोडायचं आणि एकच हात आवळायचा. काटा हलला, पण अगदी जरासा. कातडी आड येते आहे हे त्याने ओळखलं, हातावर फोड आणून त्या जागेची कातडी काढली, आणि काटा कितीतरी जास्त हलला. स्पिरिटच्या झोंबण्याबद्दल मग मी काही बोलले नाही.

आता स्नायू शोधायचे. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण यात यंत्र नव्हतं, नुसती बोटं होती. भाचा माझ्या हातावर कोपराखाली बोटं दाबून धरायचा आणि सांगायचा, "मधलं बोट वाकव. आता फक्त मनगट वर उचल. आता करंगळीच्या बाजूला झुकव." प्रत्येक वेळी त्याच्या बोटांखाली वेगळीच जागा टणक व्हायची, आणि ती मलाही जाणवायची. आपल्या बोटांमध्ये स्नायू नसतातच. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या कडेला आणि तळहाताच्या हाडांमध्ये छोटे स्नायू आहेत, ते बारीक कामाचे. बोटं जोराने मिटणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. रहाटाचा दोर वरून ओढावा आणि कळशी खोल विहिरीत हलावी, तसं हे काम आहे. मनगटाच्या आतल्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून अशा ९ कंडरा आणि एक मोठी नस जाते. बोटांना मुंग्या येण्याचं जे दुखणं पुष्कळ बायकांना होतं, ते या बोगद्यात नस दाबली गेल्याने.

जागा सापडली की तिथे पेनाने खूण, आणि खुणेवर इलेक्ट्रोडची जोडी. जोडीतल्या दोन टिकल्यांमध्ये २ सेंटिमीटर अंतर, स्नायूचे तंतू ज्या दिशेने धावतात त्याच दिशेने. हाताच्या आतल्या बाजूला बोटं मिटणाऱ्या स्नायूवर एक जोडी, मनगट आत वाकवणाऱ्यावर एक. मागच्या बाजूला बोटं उघडणाऱ्यावर एक, मनगट मागे उचलणाऱ्यावर एक. अंगठ्याच्या उंचवट्यावर एक. आणि कोपराच्या हाडावर एकटी एक, जिथे स्नायू नाही. तिच्याशी बाकीच्यांची तुलना होते.

पडद्यावर पहिली रेघ उमटली ती जाड आणि गुरगुरल्यासारखी, मी हात सैल सोडलेला असूनही. ती माझ्या हाताची नव्हती, भिंतीतल्या विजेची होती. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते, म्हणजे ५० हर्ट्झ. स्नायूच्या विजेची उपयोगाची पट्टी साधारण २० ते ४५० हर्ट्झ, म्हणजे हा ५० चा गोंगाट नेमका तिच्या आतच येऊन बसतो. नुसता गाळून टाकला तर त्याबरोबर स्नायूचंही काही जातं. म्हणून तो मुळातच येऊ नये हे बघायचं. त्यांनी लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर घेतला, वायरी टेबलाखालच्या बोर्डापासून लांब सरकवल्या, कोपरावरची टिकली काढून नवी लावली. त्या टिकलीने काम झालं. रेघ एकदम बारीक, शांत झाली. कातडीवर पोचणारी ही वीज व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. ती पकडायला एवढी तयारी लागते हे पाहून मला त्या मुलांचं कौतुक वाटलं. घाई कुणीच करत नव्हतं.

मग हातात पकडीचा जोर मोजणारा डायनॅमोमीटर दिला. लोखंडी पकड असते, तिचा दांडा जवळ-लांब करायच्या ५ जागा असतात. बहुतेकांना दुसऱ्या जागेवर धरतात. खुर्चीत ताठ बसायचं, दंड अंगाला टेकलेला, कोपर काटकोनात, मनगट मोकळं, आणि सांगितलं की सगळा जीव लावून आवळायचं. "आवळ, आवळ, आवळ, सोड!" भाच्यापेक्षा त्याची मैत्रीण जास्त जोरात ओरडत होती. माझा काटा २७ किलोच्या आसपास थांबला. हा आकडा महत्त्वाचा, पण त्याहून महत्त्वाची त्या वेळची रेघ. कुणाची कातडी जाड, कुणाच्या हातावर चरबी जास्त, त्यामुळे दोन माणसांच्या रेघांची उंची सरळ ताडून बघण्यात अर्थ नसतो. म्हणून ज्याच्या त्याच्या पूर्ण जोराची रेघ शंभर टक्के धरतात आणि बाकी सगळं तिच्या हिशोबात मोजतात. माझ्या हाताची तुलना माझ्याच हाताशी. हे मला न्यायाचं वाटलं.

आणि तिथेच मला माझं उत्तर मिळालं. मी पडद्याकडे बघत मूठ आवळली. आतल्या बाजूची रेघ जाड झाली, ती होणारच होती. पण मागच्या बाजूची, मनगट उचलणाऱ्या स्नायूची रेघही त्याच क्षणी फुलली. मी मनगट उचललेलं नव्हतं. मी सरांना विचारलं, हे चुकून दुसऱ्या स्नायूचं तर दिसत नाही ना? प्रश्न बरोबर आहे म्हणाले, शेजारच्या स्नायूची वीज झिरपते खरी. पण इथे कारण वेगळं. बोटं मिटणाऱ्या कंडरा मनगटावरून जातात, म्हणून त्या ओढल्या गेल्या की बोटांबरोबर मनगटही आत वाकायला बघतं. मनगट आत गेलं की त्याच स्नायूंना ओढायला जागा उरत नाही आणि पकड ढिली पडते. तसं होऊ नये म्हणून मागचे स्नायू पूर्ण वेळ मनगट धरून ठेवतात. त्यांनी करून दाखवायला लावलं. मनगट पूर्ण आत वाकवून मी डायनॅमोमीटर आवळला तर काटा निम्म्यावरही गेला नाही. मनगट जरा मागे घेतल्याबरोबर जोर परत आला.

मग म्हणाले, आता अगदी हलकेच धरा, नुसता दांडा हातात राहील इतकंच. आतली रेघ जवळजवळ झोपली. मागची जागीच होती. हलक्या पकडीत मागच्या स्नायूंचा वाटा आतल्यांपेक्षा मोठा असू शकतो, आणि हेच स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले आहेत. दिवसभर कोयता हातात, कापत नसतानाही हातातच. माझी कळ तिथूनच निघत होती. इतकी वर्षं मी तळहाताला तेल चोळत होते.

हालचाल मोजायला त्यांच्याकडे एक हातमोजा होता, प्रत्येक सांध्यावर वाकण्याचा सेन्सर शिवलेला. तो माझ्या हातात गेला नाही. बोटांचे पेर जाड झालेले, अंगठ्याचा सांधा रुंद. ओढूनताणून घातला तर सेन्सर सांध्यावर न बसता पुढे सरकत होते. भाचा ओशाळला. मला त्या हातमोज्याचा राग आला नाही, पण बोलायचं ते बोलले. हात म्हणजे विशी-पंचविशीतला विद्यार्थ्याचा हात, असं धरून वस्तू बनली तर राबणाऱ्याच्या हाताची नोंद कुठून होणार? स्वित्झर्लंड-इटलीतल्या संशोधकांनी निनाप्रो नावाने हाताच्या नोंदींचा मोठा साठा खुला केला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत ६७ धडधाकट माणसं आणि हात गमावलेली ११ माणसं होती. कृत्रिम हात चालवण्याची गणितं जगभर त्याच्यावर शिकवली जातात. फार मोलाचं काम आहे ते. उद्या आमच्यातल्या कुणाचा हात यंत्रात गेला, तर त्याला मिळणारा हात अशाच नोंदींवर शिकलेला असेल. म्हणून त्या नोंदींत घट्टे पडलेले हातही हवेत असं मला मनापासून वाटतं.

हातमोज्याऐवजी मग त्यांनी हाताच्या मागच्या बाजूला, पेरापेरावर, मनगटावर आणि कोपरावर छोटे चकचकीत गोळे चिकटवले. भोवतीचे कॅमेरे त्या गोळ्यांवरून परतणारा प्रकाश टिपतात आणि प्रत्येक सांधा किती वाकला ते काढतात. तळहात मोकळा राहिला, हे माझ्या दृष्टीने उत्तमच.

कोयत्याकडे वळण्याआधी एक लहानसा प्रयोग झाला, आणि तोच पुढे उपयोगी पडला. दोन बोटं आणि अंगठा यांच्या चिमटीत धरायची एक डबी, तिच्या बाजूंना एकदा रेशमी कापड लावलेलं, एकदा सँडपेपर. वजन तेच. उचलायची, धरायची, ठेवायची. रेशमाला मी किती घट्ट धरते आणि सँडपेपरला किती सैल, हे मला स्वतःला कळलंच नव्हतं, रेघांत उघड दिसलं. स्वीडनमधल्या योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये हे मांडून दाखवलं आहे. वस्तू निसटणार नाही एवढी पकड आणि वर थोडी जास्तीची, हा हिशोब हात आपोआप ठेवतो. वस्तू किंचित घसरली तरी बोटांची टोकं ते ओळखतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड वाढते. डोक्यात विचार येण्याच्या आधी.

हे ऐकल्याबरोबर मी म्हटलं, मग कोयत्याच्या मुठीचंही असंच असणार. पावसात ओली झालेली लाकडी मूठ हातात गरगर फिरते, म्हणून आपण ती जास्त आवळतो. तेव्हा कोयता दोन प्रकारे मोजू. आधी आहे तशी गुळगुळीत मूठ, मग तिच्यावर सुतळी गुंडाळून. सर म्हणाले, करूया.

गोणपाट सोडलं आणि नवीनच अडचण आली. धार लावलेलं पातं कॅमेऱ्यांना चकचकीत गोळ्यासारखं दिसायला लागलं. पडद्यावर माझ्या हाताच्या पुढे एक जादाचा ठिपका नाचत होता, आणि संगणक त्यालाच बोटाचं पेर समजत होता. शेवटी पात्याला काळी कागदी टेप लावली, धार तेवढी मोकळी ठेवून, आणि खिडकीचा पडदा ओढला. कापायला केळीच्या खांबाचे तुकडे भाच्याने आमच्याच बागेतून नेऊन ठेवले होते. ते लाकडी चौकटीत घट्ट बसवले, सगळ्यांना मागे उभं केलं, आणि मी वार घालायला सुरुवात केली.

नंतर त्या नोंदी सावकाश चालवून बघितल्या तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसले. कोयता डोक्याच्या वर असताना पकड सैल असते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एवढीच मूठ धरून असतात. खाली येताना मनगट शेवटच्या क्षणी फिरतं. आणि पातं खांबाला लागायच्या आधीच, स्पष्ट दिसेल इतकं आधी, सगळ्या रेघा एकदम फुलतात. हाताला ठाऊक असतं की आता धक्का बसणार, तो बसण्याआधीच मूठ तयार होते. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती, मी कुणाला शिकवूही शकले नसते.

सुतळी गुंडाळलेल्या मुठीने तेच काम केलं. खांब तसाच कापला गेला. पण दोन वारांच्या मधली, नुसती धरून ठेवण्याची रेघ आधीपेक्षा बारीक होती, मागच्या स्नायूचीसुद्धा. एका हाताच्या नोंदीवरून नियम सांगता येत नाही, हे सरांनी तिथल्या तिथे बजावलं, आणि ते बरोबरच आहे. मला माझ्या हाताचं उत्तर हवं होतं, ते मिळालं. मुठीची जाडीही त्यांनी मोजली. जोराच्या पकडीला साधारण ३ ते ५ सेंटिमीटर जाडीची मूठ सोयीची धरतात, हात लहान तसा आकडा खालच्या टोकाकडे. माझ्या कोयत्याची मूठ वरच्या टोकाला होती. तो कोयता सासऱ्यांच्या हातासाठी घडवलेला आहे.

शेवटी दमण्याची मोजणी. पूर्ण जोराच्या निम्म्या जोराने आवळून धरायचं, हात सुटेपर्यंत. हे सोपं वाटतं, पण हात थरथरायला लागला की एकेक क्षण लांबतो. दमणाऱ्या स्नायूची रेघ उंच होत जाते आणि तिच्यातली कंपनं मंद होत जातात. मला दमल्याचं जाणवायच्या बरंच आधी पडद्यावरचा तो मंदपणा सुरू झाला होता. म्हणजे "अजून होतंय, एवढं उरकून टाकू" असं आपण म्हणतो, तेव्हा स्नायू आधीच थकायला लागलेला असतो.

घरी आल्यावर पहिलं काम सुताराकडे. नवी मूठ बारीक करून घेतली, वर सुतळी. कापून झालं की कोयता हातात घेऊन फिरायचं नाही, कमरेला अडकवायचा, म्हणजे मागच्या स्नायूला खरोखरची सुट्टी मिळते. खालचा घड कापताना मनगट आत मोडत होतं, तिथे आता मी गुडघा टेकून बसते. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम चालूच आहेत, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही. कळ कमी आहे, कप सुखाने उचलते.

आता आमच्या पाडेलीचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा, हात मोजायचा आहे. माडावर चढलेला माणूस एका हाताने झाड धरतो आणि दुसऱ्याने कोयता चालवतो, त्या पकडीपुढे माझी पकड काहीच नाही. तो फर्मागुडीला येऊन केळीच्या खांबावर वार घालेल, पण त्यातून माडावरचं काही कळणार नाही. म्हणून पाऊस सरला की प्रयोगशाळेनेच कुळागरात यायचं ठरतं आहे. कॅमेरे तिथे उभे करता येणार नाहीत, त्याऐवजी मनगटावर बांधायचे हालचालीचे छोटे सेन्सर आणि बिनवायरीचे इलेक्ट्रोड आणणार आहेत. घामाचा प्रश्न आहेच, त्यासाठी सकाळी लवकर मोजू, आणि इलेक्ट्रोडवरून पट्टी गुंडाळू. चढण्यात कुठेही अडथळा येणार असेल तर मोजणी बंद, हे आधीच ठरवून टाकलं आहे. पाडेली तयार आहे. आपल्या हाताच्या रेघा आपल्याला बघायला मिळतील का, एवढंच त्याने विचारलं. मी भाच्याला सांगितलंय, झाडाखाली उतरल्याबरोबर त्याला दाखवायच्या, आणि संमतिपत्र त्याला कोकणीतून मोठ्याने वाचून दाखवायचं, नुसती सही घ्यायची नाही.